पंधरा उभ्या रांगा

१

“माझं नाव कुठं गेलं?”

म्बाह कासियेमनं नाक जवळजवळ संगणकाच्या पडद्याला टेकवलं होतं. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. पेकालोंगान शहरातली लहानथोर मंडळी तिला म्बाह, म्हणजे आजी म्हणायची. साठ वर्षं कापडावर मेणानं नक्षी काढून तिच्या बोटांना मेणाचा वास कायमचा चिकटला होता. पडद्यावर तिनं तरुणपणी काढलेलं कापड होतं. निळ्या जमिनीवर वरून शिंपले बरसताहेत, अशी नक्षी. एकेक शिंपला तिच्या ओळखीचा होता. फक्त उजव्या कडेला, जिथं तिनं आपलं नाव काढलं होतं, तिथं काहीच नव्हतं. कापड नक्षीपाशीच संपत होतं.

“नीट बघ पोरी,” ती मागे वळून म्हणाली. “कडेला उभं नाव होतं. शेवटी इवलासा शिंपला. मास्तरांनी पाटीवर लिहून दिलं, मी गिरवलं. अख्ख्या गल्लीनं पाहिलंय.”

ही ‘पोरी’ एकसष्ट वर्षांची होती. बू हेस्ती, म्हणजे हेस्तीबाई, तिच्या शेजारच्याच घरात राहायच्या, आणि शहराच्या या वस्तुसंग्रहातली सगळी चित्रं ज्यात ठेवली होती तो प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिला होता. १९९८ साली फोटो काढताना त्यांनीच हे कापड भिंतीवर ताणून धरलं होतं, आणि ते नाव त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

“होतं, म्बाह. मला आठवतंय.”

“तुला आठवून काय उपयोग? गुरुवारी तिथं तुझं डोकं उघडून दाखवणार का?”

म्हातारी बोलली ते खरंच होतं. पुलाजवळच्या मोठ्या कारखान्याचे मालक, बापाक हार्योको, म्हणजे हार्योकोसाहेब, यांनी ही नक्षी आपल्या वडिलांची म्हणून हक्क मागितला होता. गुरुवारी सुनावणी. निकाल त्यांच्या बाजूनं लागला तर कासियेमला आणि तिच्या हाताखालच्या अकरा बायकांना हा शिंपला पुन्हा काढता येणार नव्हता. मूळ कापड सहा वर्षांपूर्वी समुद्राचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कुजून गेलं. त्याच्या फोटोची फिल्म आणि चित्रांच्या जुन्या तबकड्याही त्याच पाण्यात गेल्या. उरलं होतं ते एवढं एक चित्र.

संग्रहाचे प्रमुख बापाक गुनादी खाकरले. “बू, वाईट वाटून घेऊ नका. पण तुमचा प्रोग्राम चित्र आवळून बारीक करतो ना? त्या आवळाआवळीत कड गेली असेल. चौदा वर्षांपूर्वीचा प्रोग्राम तो. खाल्लं असेल त्यानंच.”

बू हेस्तींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. माणसानं त्यांना म्हातारी म्हणावं, कजाग म्हणावं, पण त्यांच्या प्रोग्रामला खादाड म्हणू नये. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि तेवढ्यात त्यांची नजर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर गेली.

रुंदी : ३०४१.

त्यांनी तोंड मिटलं. संग्रहातली यच्चयावत चित्रं एकाच स्कॅनरवर घेतलेली होती, आणि तो स्कॅनर रुंदीत तीन हजार बहात्तर ठिपके घ्यायचा. ना एक कमी, ना एक जास्त.

“बापाक,” त्या शांतपणे म्हणाल्या, “माझ्या प्रोग्रामनं काही खाल्लेलं नाही. हे चित्र कुणीतरी कापलंय.”

२

पहिलं काम त्यांनी केलं ते असं, की त्या फाइलची प्रत पेनड्राइव्हवर घेतली, पाकिटात घातली आणि पाकिटावर गुनादींची सही घेतली. चोर घरातला असला तर दागिना आधी कमरेला खोचावा.

आणि चोर घरातलाच होता. चित्रांच्या कपाटाची, म्हणजे ज्या संगणकावर ती होती त्याची किल्ली तिघांकडे. स्वतः गुनादी, प्रोग्रामर बिमो, आणि चित्रं घेणारी विनार्सी. तिघांच्याही घरचा धागा कारखान्यात कुठे ना कुठे अडकलेला. गुनादींच्या संग्रहाचं छप्पर हार्योकोंनी घालून दिलेलं. बिमोला त्यांनी नोकरीचं बोलावणं धाडलेलं. विनार्सीचा मुलगा त्यांच्याकडे रंगाच्या हौदांवर मुख्य. गावच एवढंसं होतं की संशयातून कुणाला वगळायची सोय नव्हती.

गुनादींना त्यांनी कँटीनमध्ये गाठलं. ते केळीच्या पानातला मेगोनो भात खात होते, वर कच्च्या फणसाचा चुरा.

“तुम्ही चित्रांना हात लावता का, बापाक?”

“लावतो की! वाकडं दिसलं की सरळ करतो. माझ्याकडे तो प्रोग्राम आहे, कात्रीचं चित्र असलेला. बटण दाबलं की झालं. तुमचा तो काळा पडदा आणि त्यावर टायपायचं, ते भूत मला नको. गेल्या महिन्यात चुकून उघडलं तर संगणकच बंद करून पळालो मी.”

“वाकडं केलेलं... म्हणजे सरळ केलेलं एखादं चित्र आहे?”

गुनादींनी अभिमानानं मशिदीच्या दरवाज्याचं एक चित्र दाखवलं. बू हेस्तींनी ते आपल्या लॅपटॉपवर घेतलं.

त्यांचा प्रोग्राम म्हणजे सी भाषेतली चाळीसेक छोटी फंक्शनं. चित्राची घडी घालून ते लहान करायचं आणि हवं तेव्हा उलगडायचं. मोठं काम करणारी दोन, बाकी सगळी वरकाम्या बायांसारखी. कुणी आकडे गोळा करतं, कुणी जागा पुसतं, कुणी नुसतं बघतं. नुसतं बघणाऱ्यातलं एक त्यांनी आता चालवलं. एकदा घडी घातलेलं चित्र उलगडून कुणी पुन्हा घडी घातली, तर जुन्या घडीची सुरकुती आकड्यांत राहते. इस्त्रीनंही ती जात नाही.

दरवाज्याच्या चित्रात दोन सुरकुत्या निघाल्या. कासियेमच्या चित्रात एकच.

“तुमच्या बटणाच्या कात्रीनं हे कापलं असतं तर दोन घड्या दिसल्या असत्या,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सुटलात. जेवा आता.”

“म्हणजे तुम्ही माझ्यावर संशय घेत होता?” गुनादींच्या हातातला घास तसाच राहिला.

“तासभर. फार नाही.”

३

बिमो अठ्ठावीस वर्षांचा. दाढी कोवळी आणि जीभ जून. गेल्या वर्षी त्यानं बू हेस्तींची निम्मी फंक्शनं नव्यानं लिहिली होती, आणि ते सांगायची संधी तो सोडत नसे.

“बू, मला चित्र कापायचं असतं तर मी तुमची ती कापायची पुराणवस्तू कशाला वापरीन? माझी स्वतःची कात्री आहे. घडी न उलगडता कापते, आणि मागे काही ठेवत नाही. स्वच्छ.”

“माझी ठेवते?”

“तुमच्या काळात सगळंच जपून ठेवायचे ना.” तो हसला. “सगळ्या संगणकांवरून काढून टाकली मी ती. फक्त विनार्सीबाईंच्या खोलीत राहिली. हात लावला तर बोटं तोडीन म्हणाल्या.”

“तुझं आणि तिचं जमत नाही वाटतं?”

“कसं जमेल? फिल्मच्या पहिल्या पेटीला संगणक शून्य म्हणतो, बाई एक म्हणतात. सात नंबरची आणा म्हटलं की संगणकाच्या हिशेबानं सहावी घेऊन येतात, आणि वर माझ्यावरच डाफरतात. मी स्वप्नातसुद्धा शून्यापासून मोजतो हो! आमच्या बायकोनं विचारलं, हे आपलं कितवं भांडण, तर मी सांगितलं, शून्यावं.”

“मास बिमो,” तरुण पोराला मानानं हाक मारतात तशी त्यांनी हाक मारली, “हार्योकोंची नोकरी घेतोयस?”

त्याचं हसू मावळलं. “नाही म्हणून कळवलं मी. मागच्याच आठवड्यात. म्बाह कासियेमनं माझ्या आईच्या लग्नाचं कापड काढलंय. तिचं अन्न तोडणाऱ्याचं मीठ मी कसं खाऊ?”

बोलणं चांगलं होतं. पण चोरांचीही बोलणी चांगलीच असतात. बू हेस्ती जिना उतरू लागल्या तेव्हा त्यांच्या मनात एकच विचार होता. जुनी कात्री उरली होती ती एकाच खोलीत, आणि त्या खोलीत त्यांची सर्वांत लाडकी विद्यार्थिनी बसत होती.

४

विनार्सीनं त्यांना पाहताच खुर्ची पुसून दिली. पन्नाशीची बाई, नीटनेटकी, केसांत एक कंगवा. तिच्या खोलीत धुळीचा कण नव्हता. चित्रांची घडी कशी घालायची हे चौदा वर्षांपूर्वी बू हेस्तींनी तिला शिकवलं, आणि तिनं ते एखाद्या व्रतासारखं पाळलं होतं. घडी एकदाच घालायची, दुसऱ्यांदा कधीच नाही. प्रत्येक घडीला चित्र थोडं विटतं. पुन्हा पुन्हा धुतलेल्या कापडासारखं.

“बू, चहा घ्या. साखर कमी घातलीय. तुमच्या गुडघ्यांना बरी.”

बू हेस्तींनी कप घेतला. “तुला कळलं ना?”

“कळलं. म्हातारीचा जीव तुटत असेल.” विनार्सी आपल्यासाठी चहा ओतू लागली. “मला विचाराल तर गुनादीसाहेबांनीच काहीतरी बटण दाबलं असणार.”

“त्यांनी नाही. घडी एकच आहे. तुझ्या मशीनवरच्या जुन्या कात्रीनं कापल्यासारखं वाटतंय. तीन हजार एक्केचाळीस रांगा उरल्यात.”

चहाची धार बशीत गेली.

“एक्केचाळीस?” विनार्सी म्हणाली.

“एक्केचाळीस.”

विनार्सीनं फडकं घेऊन बशी पुसली, मग टेबल, मग पुन्हा बशी. “तर मग ते माझं काम नव्हे, बू. मी कापलं असतं तर सोळाच्या पटीत कापलं असतं. तुम्हीच शिकवलंत. पटीत कापलं नाही तर मागे शेपूट राहतं. एक्केचाळीस काही सोळाच्या पटीत बसत नाही.”

ते अगदी बरोबर होतं. बू हेस्तींना इतकं हायसं वाटलं की त्यांनी चहा एका घोटात संपवला. विनार्सी सुटली. तिच्याइतकी सोळाची पट कुणीच पाळत नव्हतं.

दारापर्यंत गेल्यावर मात्र त्यांचे पाय थबकले.

शेपूट!

५

आपणच लिहिलेलं आपणच विसरावं याची त्यांना इतकी लाज वाटली की सायकलरिक्षात त्या स्वतःशीच पुटपुटत राहिल्या. घरी येऊन त्यांनी लॅपटॉप उघडला आणि जुनी फाइल काढली. वरकाम्या फंक्शनांच्या त्या फाइलमध्ये अगदी तळाशी तीन ओळींचं एक फंक्शन होतं. कोणताही आकडा द्या, तो वरच्या सोळाच्या पटीला नेऊन बसवतं. बस, एवढंच त्याचं काम. त्याला कुणी कधी हार घातला नव्हता.

कासियेम शेजारच्या ओसरीवर मेण वितळवत बसली होती. ती आत आली. “काय गं, एवढी धावत आलीस?”

“म्बाह, ऐक. हे चित्र म्हणजे गाठोड्यांची रास आहे. एकेका गाठोड्यात सोळा उभ्या रांगा. माझी जुनी कात्री नको असलेली गाठोडी फेकून देते, पण गाठोडं अर्धं कापत नाही. गाठ सोडली तर घडी मोडेल ना! मग शेवटच्या गाठोड्यातली एकच रांग हवी असली तरी ती ते अख्खंच ठेवते आणि नको तेवढ्यावर पडदा टाकते.”

“मग?”

“तीन हजार चाळीस रांगा ठेवल्या असत्या तर गाठोडी बरोबर एकशे नव्वद झाली असती. मागे काही उरलं नसतं. पण ठेवल्यात एक्केचाळीस. त्या एका रांगेपायी पुढचं अख्खं गाठोडं आत आलंय. पंधरा रांगा पडद्यामागे आहेत, म्बाह. तिथंच आहेत!”

“मग पडदा काढ की. बोलत काय बसलीस?”

बू हेस्तींनी पाकीट फाडलं नाही. घाईत त्यांनी फाइल आपल्या लॅपटॉपवरही घेऊन ठेवली होती, तीच उघडली. उलगडणाऱ्या प्रोग्राममध्ये एक ओळ होती, जास्तीच्या रांगा टाकून देणारी. ती त्यांनी बंद केली. प्रोग्राम पुन्हा बांधला. चालवला.

उजव्या कडेला बोटाच्या नखाएवढी निळी पट्टी उगवली. त्या निळ्यावर पांढरी अक्षरं होती, उभी, एकाखाली एक. पण अर्धीच. जणू कुणी दाराच्या फटीतून डोकावत होतं. आणि अगदी खाली अर्धा शिंपला.

कासियेमनं पडद्यावर बोट ठेवलं. “मी हे काढलं तेव्हा माझा पहिला मुलगा पोटात होता,” ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसायच्या ऐवजी तिनं पडदाच पुसला.

बू हेस्तींनी लगेच गुनादींना फोन लावला. सगळं ऐकून गुनादींचा आवाज मात्र पडला. “बू, तुम्ही तिच्या शेजारी राहता. प्रोग्राम तुमचा, लॅपटॉप तुमचा. हार्योकोंचा वकील म्हणेल, ही अर्धी अक्षरं बाईंनीच घरी बसून काढली. कापणारा कोण ते सापडलं नाही, तर तुमच्या पंधरा रांगा कोण मानणार?”

सुनावणी परवा होती.

६

बुधवारी सकाळी बू हेस्तींनी संग्रहाच्या संगणकावर बसून फक्त एक यादी काढली. चौदा वर्षांत जुन्या कात्रीनं कापलेली बाकीची सगळी चित्रं, त्यांच्या रुंदीसकट. दोनशे बारा होती. यादी वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला. आपण जिंकलो हे त्यांना कळलं होतं, आणि त्याचा आनंद करायचा की काय करायचं ते कळत नव्हतं.

मग त्यांनी तिघांनाही विनार्सीच्या खोलीत बोलावलं.

“कापणाऱ्यानं चित्राची घडी मोडली नाही,” त्यांनी सुरुवात केली. “म्हणून बापाक गुनादी नाहीत. मागे शेपूट ठेवलं, म्हणून मास बिमोची नवी कात्रीही नाही. उरली जुनी, ती या खोलीतली. ती कुणी चालवली?”

“कुणीही,” बिमो म्हणाला. “मीसुद्धा येऊ शकतो इथं.”

“येऊ शकतोस. माझी कात्री एकच प्रश्न विचारते, शेवटची रांग कितवी? कापणाऱ्यानं उत्तर दिलं, तीन हजार चाळीस. हा आकडा सहज सुचत नाही. तो सोळाच्या पटीतला आहे. म्हणजे ज्याला शेपटाची भीती ठाऊक आहे, त्याचाच हा आकडा.”

“पण उरल्यात एक्केचाळीस,” गुनादी म्हणाले.

“कारण माझी कात्री शून्यापासून मोजते, बापाक. शून्य ते तीन हजार चाळीस. मोजा बोटांवर. एक रांग जास्त होते. सोळाची पट पाठ, आणि पहिल्या रांगेला शून्य म्हणायचं मात्र विसरलं, असं माणूस हवं. बिमो स्वप्नातही विसरणार नाही.”

बिमोनं तोंड उघडलं आणि हळूच पेट्यांच्या कपाटाकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. पेट्यांवर सुबक अक्षरात आकडे होते. एक, दोन, तीन.

विनार्सी ताठ बसली होती. “माझ्यावर ढकलायला कुणी मुद्दाम चूक केली असेल.”

“मुद्दाम चूक करणारा नाव पुसायला आला होता ना? मग तो नावच मागे ठेवून कसा जाईल?” बू हेस्तींनी यादी तिच्यापुढे सरकवली. “दोनशे बारा चित्रांच्या कडा तू रोजच्या कामात छाटल्यास, विनार्सी. प्रत्येक ठिकाणी सोळाची पट, आणि वर एक. चौदा वर्षांत एकदाही तू शून्यापासून मोजलं नाहीस. आणि हे दोनशे तेरावं.”

बाहेर कुणीतरी धुतलेली कापडं झटकत होतं.

“हार्योकोंनी माझ्या मुलाला समोर उभं करून सांगितलं,” विनार्सी अखेर म्हणाली. “आईला म्हणावं, नुसती कड कापायचीय. नाहीतर सोमवारपासून हौदावर येऊ नकोस.”

“अगं, मग अख्खी फाइलच का नाही उडवलीस?” बिमोला राहवेना. “आम्हाला मागमूसही लागला नसता.”

विनार्सीनं त्याच्याकडे असं पाहिलं की बिमो खुर्चीत मागे सरला.

“असं कापड पुन्हा होणार आहे का? मी काय कसाई आहे? दुसऱ्यांदा घडीसुद्धा घातली नाही मी त्याची. शिंपल्यांच्या अगदी कडेशी कापलं, एकालाही धक्का लागू दिला नाही.” आणि मग ती रडू लागली. “बू, तुम्ही शिकवलं तसंच सगळं केलं.”

“सगळं नाही,” बू हेस्ती म्हणाल्या. त्यांनी आपला रुमाल तिच्या हातात कोंबला. “शून्य राहिलं. आणि देवाची कृपा की राहिलं. उद्या तू बोलणार आहेस का मी बोलू?”

७

सुनावणीचं सभागृह दहा वाजायच्या आतच भरलं. अकरा बायका एकाच निळ्या कापडाच्या सारोंग नेसून पुढच्या रांगेत बसल्या होत्या. बापाक हार्योको पंख्याखालची जागा धरून होते, आणि त्यांचा वकील त्यांच्या कानात सारखा काहीतरी सांगत होता.

गुनादींनी सीलबंद पाकीट अधिकारी बाईंच्या हातात दिलं. बिमोनं सगळ्यांदेखत फाइल उघडली, बू हेस्तींचा हातही न लागता. मोठ्या पडद्यावर शिंपले बरसू लागले, आणि मग उजव्या कडेला निळी पट्टी उगवली. सभागृहात कुजबुज झाली.

वकील उठला. “अर्धी अक्षरं! यात कुणीही कुणाचंही नाव वाचील. आणि हे नंतर घातलेलं नाही कशावरून?”

“कारण ते मी कापलंय,” मागून आवाज आला.

विनार्सी उभी राहिली. केसांत कंगवा होता तसाच, आवाज मात्र बारीक. तिनं सगळं सांगितलं. कुणी सांगितलं, केव्हा सांगितलं, कोणता आकडा टाइप केला. तिच्या शेजारी तिचा मुलगा उभा होता. त्याच्या हातांचा निळा रंग कोपरापर्यंत होता, आणि आईनं मालकाचं नाव घेतलं तेव्हा त्यानं मान हलवून साक्ष दिली. पंख्याखालच्या खुर्चीत हार्योकोंनी रुमाल काढून मान पुसली. चार दिवस गावात मिरवणारा माणूस, पण घाम काही लपवता आला नाही.

“राहिली अर्धी अक्षरं,” बू हेस्ती म्हणाल्या. “ती ज्यांची आहेत त्यांनाच विचारा.”

अधिकारी बाईंच्या परवानगीनं छोटी चूल आली, मेणाची कढई आली. कासियेम पाटावर बसली. तिनं मेणाची तोटी कढईत बुडवली, फुंकर मारली आणि कापडाच्या कडेला आपलं नाव काढलं, एका दमात, तरुणपणी गिरवलं होतं तसं. शेवटी शिंपला. बिमोनं त्याचं चित्र घेतलं, तेवढंच लहान केलं, अर्धं झाकलं आणि पडद्यावरच्या पट्टीशेजारी लावलं.

शेवटच्या अक्षराचा बाक तोच होता. शिंपल्यावरच्या रेघा तीनच, आणि मधली जराशी वाकडी, तीही तशीच.

“मधली रेघ मला कधी सरळ आलीच नाही,” कासियेम म्हणाली, आणि सभागृह खदखदा हसलं. त्या हसण्यातच निकाल लागून गेला. अधिकारी बाईंनी तो वाचला तेव्हा कुणाचं लक्षच नव्हतं. अकरा बायका म्हातारीच्या गळ्यात पडल्या होत्या, आणि ती ओरडत होती, “अगं मेण! मेण गरम आहे! भाजाल!”

हार्योकोंचा अर्ज फेटाळला गेला आणि त्यांच्यावर चौकशी बसली. विनार्सीची नोकरी गेली. त्याला इलाज नव्हता. तिचा मुलगा मात्र दुसऱ्याच दिवशी कासियेमच्या अंगणात हौद घासताना दिसला. “चोरीला आईचा हात लागला, रंगाला मुलाचा लागू दे,” म्हातारी म्हणाली. “निळा याच्याइतका कुणाला जमत नाही.” आणि विनार्सीला तिनं बोलावलं नाही, पण ती डबा घेऊन आली तेव्हा हाकललंही नाही.

महिनाभरानं नव्या शिंपल्यांचा पहिला घाणा सुकला, म्हणजे पहिली बारा कापडं. कासियेम ओसरीवर बसून ती मोजत होती. बू हेस्ती शेजारी शेंगा सोलत होत्या. म्हातारीनं सर्वांत वरचं कापड उचललं. कडेला नाव होतं, पूर्ण, शेवटी वाकड्या रेघेचा शिंपला. ते तिनं बू हेस्तींच्या मांडीवर ठेवलं.

“हे काय? विकायचं नाही?”

“हे शून्यावं,” कासियेम म्हणाली. “विकायची मी एकपासून मोजते.”